रिकाम्या गाडीचं माप

हार्लन डायखाउसने आयुष्यात पूर्ण भावात घेतलेल्या वस्तू दोनच, बायकोची अंगठी आणि स्वतःची कवळी. बाकी घर, अंगण, अंगणातलं सफरचंदाचं झाड, सगळं सवलतीत. न्यू ड्रेंथमध्ये याला कुणी चिक्कूपणा म्हणत नसे, कारण अख्खं गावच डच रक्ताचं. माणूस किती कमावतो यापेक्षा किती वाचवतो यावर तिथे त्याची पत ठरे. नवरा बायकोला सोडून गेला तर गाव चार दिवस बोले आणि विसरे. पण फसलेली खरेदी विसरत नसे. एकाने कधीकाळी आपल्या अंगणात वळतच नाही एवढं मोठं गवत कापायचं यंत्र आणलं होतं, तर त्याच्या नातवाला लोक अजून त्या यंत्रावरूनच ओळखत.

अशा गावातल्या या हार्लनने मार्चमध्ये जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आपल्या गाडीसाठी चार रुंद चाकं घेतली. अर्ध्या भावात, आणि एकदा नेलेला माल परत घेणार नाही या अटीवर.

गाडी म्हणजे एकोणीसशे एकोणसत्तरची पॉन्टियॅक. हिरवी, दोन दारांची, आठ सिलिंडरची. सुरू केली की शेजाऱ्याच्या कपाटातल्या बशा वाजत. कारखान्यातून आला तोच रंग अजून अंगावर, आणि पस्तीस वर्षांत हार्लनने त्याला पत्र्याचं काम करणाऱ्या कुणाचं बोट लागू दिलं नव्हतं. मुलगी लिअ‍ॅन जन्मली तेव्हा दवाखान्यातून घरी आली ती याच गाडीच्या मागच्या सीटवरून. सात वर्षांची असताना तिने बापाकडून वचन घेतलं होतं की लग्नाच्या दिवशीही मी याच सीटवर बसणार आणि गाडी तूच चालवणार. आता ती बत्तीस वर्षांची होती, लग्न जूनमध्ये ठरलं होतं, आणि नवी चाकं त्या दिवसासाठीच आणलेली होती.

चाकं लावल्यावर गाडी मोठी रुबाबदार दिसू लागली. हार्लन एकटाच एक चक्कर मारून आला. काही आवाज नाही. शनिवारी सकाळी हॉटेलच्या आवारात जुन्या गाड्यावाल्यांचा अड्डा जमायचा, तिथे त्याने गाडी उभी केली. सगळे वाकून बघून गेले. टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत दोन बोटं घालून बघायची आणि गंभीरपणे मान हलवायची, अशी तिथली रीत होती. मग एकच प्रश्न, "घासतो का?" आणि एकच उत्तर, "छे." वीस वर्षांत त्या आवारातल्या एकाही गाडीचा टायर घासला नव्हता. मग तिथे जळक्या रबराचा वास कायम कसा असायचा, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

एप्रिलमध्ये लिअ‍ॅन होणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली. तालीम म्हणून दोघं मागच्या सीटवर बसली आणि गाडी रस्त्याला लागून वळते न वळते तोच डाव्या मागच्या चाकातून खर्रर्र आवाज आला. पाठोपाठ वास.

कॅझ वोझनियाक हा ग्रँड रॅपिड्सचा पोलिश मुलगा. सव्वासहा फूट उंच, तीनशे पौंड वजन, जिल्ह्याचे पूल तपासायची नोकरी. कमी बोलायचा, ताटातलं सगळं संपवायचा आणि ताट स्वतः धुवायचा. हार्लनला तो मनापासून आवडत होता. म्हणजे गाडीबाहेर.

बायकोचा भाऊ वेंडेल बोअर्स्मा याचं टायरचं दुकान होतं. त्याने गाडीखाली सरपटत जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन विचारलं, "माप कसं घेतलंस?"

"गाडी जॅकवर चढवली, जुनं चाक काढलं आणि पट्टी धरली."

"रिकामी गाडी?"

"मग काय माणसं बसवून जॅक लावू?"

वेंडेलने हात पुसले. जॅकवर चढवलेल्या गाडीचं चाक खाली लोंबतं, त्याने सांगितलं. तेव्हा बैलगाडीचं चाकसुद्धा बसेल. माणसं आत बसली की गाडीचं अंग खाली येतं आणि खरं माप तेव्हा कळतं. हे चाक इंचभर बाहेर आलं होतं, म्हणून टायर मडगार्डच्या आतल्या कडेला खरवडत होता. उपाय दोन. एक तर दुसरी चाकं घ्यायची. नाहीतर ती कड आत दुमडायची; टायर आणि मडगार्डच्या मध्ये बेसबॉलची बॅट घालून गाडी हळूहळू पुढे घ्यायची, दहा मिनिटांचं काम.

"रंग उडेल?" हार्लनने विचारलं.

"कडेचा थोडा उडेल."

दुसरी चाकं घेणं म्हणजे पहिली चुकली हे गावाला सांगणं. कड दुमडणं म्हणजे पस्तीस वर्षं जपलेला रंग हाताने घालवणं. हार्लनने तिसरा उपाय मागितला.

"तिसरा म्हणजे जरा बारीक जावई बघ," वेंडेल म्हणाला. तो गमतीने बोलला होता. हार्लनने ते मनावर घेतलं.

आधी त्याने टायरमध्ये ठासून हवा भरली. घासणं थांबलं नाही. मग मागच्या स्प्रिंगांमध्ये रबराचे ठोकळे बसवले, त्याने गाडीचं ढुंगण वर आलं आणि बसणाऱ्याचे दात वाजू लागले. बायको आर्डिथ एकदा बाजारात जाऊन आली आणि म्हणाली, मी चालत जाईन. ठोकळे काढावे लागले. कॅझला डावीकडून उजवीकडे बसवून पाहिलं, तर टायर उजवीकडे घासू लागला. एवढं झाल्यावर हार्लनला जो तो माणूस पौंडांत दिसायला लागला. कॅझ घरात शिरला की त्याची नजर आधी त्याच्या पोटावर जायची.

एका रविवारी जेवताना कॅझने बटाट्यांवरचा रस्सा दुसऱ्यांदा घ्यायला हात पुढे केला, तर हार्लनने भांडं उचलून आपल्यापाशी ठेवलं. ज्या घरात पाहुण्याला तीनदा आग्रह होई, त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. वर त्याने विचारलं, जूनपर्यंत थोडं हलकं व्हायचा काही विचार आहे का? कॅझ म्हणाला, तसा काही नव्हता. मग हार्लनने सुचवलं की लिअ‍ॅन एकटीने पॉन्टियॅकमध्ये बसावं आणि कॅझने आपल्या ट्रकमधून मागून यावं.

"नवरी पुढे आणि नवरा मागून दुसऱ्या गाडीत," आर्डिथ म्हणाली. "ही वरात की पाठलाग?"

कॅझने काटा ताटात ठेवला. "पुलावर ट्रक चढला आणि पूल करकरला, तर आम्ही ट्रकला दोष देत नाही, मिस्टर डायखाउस."

पुलाला कारखान्याचा रंग नसतो, असं हार्लन म्हणाला. लिअ‍ॅन बापाकडे बघत राहिली. तिला वाटत होतं की हे वजनाचं प्रकरण नाही. न्यू ड्रेंथमध्ये वाढलेल्या मुलीला तसं वाटणं साहजिक होतं, कारण कॅझ पोलिश होता, प्रोटेस्टंट गावात कॅथलिक होता, आणि गावातल्या कुणी अजून त्याच्याबद्दल एक वाईट शब्द काढला नव्हता. वाईट शब्द न काढता माणसाला दाराबाहेर ठेवण्यात त्या गावाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि मग तो मे महिन्यातला रविवार आला. प्रार्थना संपल्यावर चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये कॉफी असायची. हार्लन कप घेऊन उभा होता, डोक्यात चाकं. थेल्मा प्लॅगेमार्स ही चर्चच्या सर्वांत वडीलधाऱ्या पंचाची बायको. तिने जवळ येऊन गोड आवाजात विचारलं, "मग, कॅझचं काय? बसतोय का नीट?"

तिला विचारायचं होतं की तो तुमच्या घरात रुळतोय का. हार्लनला मागची सीट दिसली. इतक्या दिवसांत कुणीतरी आपणहून विचारलं म्हणून त्याला भरून आलं, आणि तो मोकळेपणाने, चांगल्या खणखणीत आवाजात बोलला.

"नाही बसत, थेल्मा. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मूळ मापच आपलं नाही. बाहेरचं ते बाहेरचंच. जबरदस्तीने बसवायला गेलो तर आपलंच काहीतरी खरवडून निघणार."

साखरेच्या टेबलापाशी लिअ‍ॅन उभी होती. तिने कप खाली ठेवला आणि ती जिना चढून निघून गेली. ती कपबशा आवरायला गेली असेल असं हार्लनला वाटलं. तेवढ्यात थेल्माचा नवरा गेरिट पुढे आला, त्याने हार्लनचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हळूच म्हणाला, "कुणीतरी बोलायला हवंच होतं."

हार्लनला बरं वाटलं. गेरिटला गाड्यांमधलं एवढं कळतं, हे त्याला माहीत नव्हतं.

पुढचा आठवडा त्याच्या आयुष्यातला फार मानाचा गेला. सोमवारी पोस्टात दोघांनी हात मिळवला. मंगळवारी न्हावी म्हणाला की माणसाने आपल्या मापातच राहावं, आणि हार्लन म्हणाला, इंचभरसुद्धा फरक चालत नाही. न्हाव्याने मान डोलावली आणि त्या दिवशी दाढी फुकट केली. बुधवारी दोन जण भेटले. त्यांतला एक म्हणाला की आजकालच्या मुलींना दिसायला भारी तेच हवं असतं, आणि हार्लनने कबूल केलं की दिसायला भारी आहे खरं, त्यालाच आपणही भुललो. गुरुवारी अड्ड्याचा खजिनदार रॉन टुबर्गन म्हणाला, तू धीराचा माणूस आहेस. शुक्रवारी दोघं भेटले. हार्डवेअरच्या दुकानात हार्वी विरेंगाने हातात हात घेऊन विचारलं, "आणि पुढे मुलं झाली तर ती कुठल्या चर्चला जाणार, याचा कुणी विचार केला का?" पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्या डोरनबॉसने आणखी स्पष्ट सांगितलं, की एकदा एक पोलिश घरात आला की मागून दहा येतात. यावर हार्लनने काय समजून मान हलवली, हे त्याचं त्यालाच माहीत. हात मात्र त्याने दोघांशीही मिळवला.

शनिवारी आर्डिथ ग्रँड रॅपिड्सला लिअ‍ॅनकडे जाऊन आली. कोट न काढताच ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. लिअ‍ॅनने लग्न कॅझच्या चर्चमध्ये ठरवलं होतं. न्यू ड्रेंथमध्ये ती पाऊल ठेवणार नव्हती. पॉन्टियॅक नको होती आणि चालवणाराही नको होता. तो लग्नाला आला नाही तरी चालेल, असा तिचा निरोप होता.

"पण मी चाकांबद्दल बोलत होतो," हार्लन म्हणाला.

"तुझी चाकं घाल चुलीत."

"आत्ता फोन करून सांगतो तिला."

"तिने ते विचारलंच नाही," आर्डिथ म्हणाली. "ती म्हणाली, बोलला सगळ्यांच्या देखत, आता फोनवर कुजबुजून काय उपयोग. नाचता येईना अंगण वाकडं, हार्लन. चूक चाकांची केलीस आणि दीड महिना त्या पोराच्या पोटाकडे बोट दाखवतोयस."

त्या संध्याकाळी हार्लन गॅरेजमध्ये गाडीशेजारी स्टूल टाकून बसून राहिला. बोलायचं तर सगळ्यांसमोर बोलावं लागणार होतं, आणि बोलायचं तर चाकं चुकली हे आधी सांगावं लागणार होतं. त्याने दोन्ही गोष्टी मनात तोलून पाहिल्या आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. कारण गावाला जावयाचा तिटकारा चालत होता, फसलेली खरेदी चालत नव्हती. गप्प राहिलं तर तो गावात धीराचा माणूस म्हणून मरणार होता, फक्त मुलगी गेलेली असणार होती.

दुसऱ्या दिवशी आर्डिथने काय सांगून बोलावलं कोण जाणे, पण कॉफीच्या वेळी लिअ‍ॅन आणि कॅझ हॉलच्या अगदी मागे, घडीच्या खुर्च्यांवर येऊन बसली होती. लिअ‍ॅनने कोटाची बटणं काढली नव्हती. हार्लनने चमच्याने कप वाजवला.

"मागच्या रविवारी मी इथे म्हणालो की कॅझ बसत नाही. मी माझ्या गाडीच्या चाकांबद्दल बोलत होतो."

दोघं-तिघं सुटल्यासारखे हसले.

"थांबा. कॅझ बसतो. चाकं बसत नाहीत. मी रिकाम्या गाडीचं माप घेतलं आणि चुकीची चाकं उचलून आणली. स्वस्त मिळाली म्हणून. परतही करता येत नाहीत. आणि ती माझी चूक मी दीड महिना त्या मुलाच्या अंगावर ढकलत होतो." त्याने कप खाली ठेवला. "आणि या आठवड्यात तुमच्यातले नऊ जण येऊन माझा हात हातात घेऊन गेले. ते कशाबद्दल होतं, ते तुमचं तुम्ही बघा."

न्हावी कपात बघत होता. रॉन टुबर्गनला बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. गेरिट प्लॅगेमार्स गावातला जुना, शहाणा माणूस. समोर एकदम दोन लाजिरवाण्या गोष्टी आल्या तर त्यातली सोपी कुठली, हे त्याला लगेच कळत असे.

"केवढ्याला घेतलीस चाकं?" त्याने विचारलं.

आणि सगळा हॉल चाकांवर तुटून पडला. रुंदी किती, विकणारा कुठला, पट्टी कुठे धरली, जॅक कुठे लावला. इतकी आपुलकी त्या तळघरात नाताळालाही दिसली नव्हती. हार्वी विरेंगा तर हार्लनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, होतं असं कधी कधी. उद्यापासून आपण गावात कोण म्हणून ओळखले जाणार हे हार्लनला कळून चुकलं होतं, आणि त्याला वाटलं होतं तेवढं त्याचं वाईट वाटत नव्हतं. त्या गर्दीतून तो मुलीकडे बघायचा प्रयत्न करत होता.

कॅझ उठला तशी गर्दी बाजूला झाली. तो हार्लनसमोर येऊन उभा राहिला. "वेंडेल म्हणाले, कड दुमडायला वजन लागतं मागे. मी बसतो."

"आज रविवार आहे," गेरिट म्हणाला. न्यू ड्रेंथमध्ये रविवारी कुणी खिळासुद्धा ठोकत नसे.

"माहीत आहे मला," हार्लन म्हणाला आणि जिना चढू लागला.

वेंडेल मुलांच्या संघाला खेळ शिकवायचा, त्यामुळे त्याच्या ट्रकमध्ये बॅटींची पिशवी होतीच. चर्चच्या आवारात वेंडेल पॉन्टियॅकच्या स्टिअरिंगवर बसला, कॅझ मागे डावीकडे बसला. लिअ‍ॅन थोडा वेळ बाहेर उभी राहिली आणि मग आत जाऊन त्याच्या शेजारी बसली. गाडी खाली आली. हार्लनने गुडघे टेकले, टायर आणि मडगार्डच्या मध्ये बॅट घातली आणि वेंडेलला हात केला. गाडी रांगत पुढे सरकली. बॅट गोल फिरली आणि पत्रा दुमडताना रंग तडकला. हिरव्या खपल्या हार्लनच्या रविवारच्या पँटवर पडल्या. त्याला ते बघवत नव्हतं, पण डोळे मिटले असते तर बॅट सुटली असती. डावी बाजू झाली, मग उजवी. तळघराच्या खिडक्यांतून चेहऱ्यांची रांग बघत होती.

वेंडेल उतरला आणि हार्लन स्टिअरिंगवर बसला. मागची दोघं उतरली नाहीत. त्याने गाडी आवाराबाहेर काढली, रेल्वेचे रूळ ओलांडले, मुद्दाम खड्ड्यातून नेली आणि शेतांच्या रस्त्याला लागला. काही आवाज नाही, काही वास नाही. नवी चाकं लावल्यापासून पहिल्यांदाच ती गाडी मागे माणसं बसलेली असूनही शांत होती.

"डॅड," लिअ‍ॅन मागून म्हणाली. "ते नऊ जण चाकांबद्दल बोलत नव्हते. तुला आठवडाभर खरंच कळलं नाही?"

टायर घासत असता तर ऐकू न आल्याचं सोंग करता आलं असतं. आरशात तिचे डोळे दिसत होते. कॅझ खिडकीबाहेर बघत होता.

"शेवटच्या दोघांचं कळलं होतं," हार्लन म्हणाला. "तरी हात मिळवला."

त्याने गाडी मैलभर तशीच पुढे नेली.

"लग्न ग्रँड रॅपिड्सलाच होणार," लिअ‍ॅन म्हणाली. "गाडी तुला आणायची असेल तर आण."

सव्वीस मैलांचं अंतर होतं. हार्लन म्हणाला, "आणतो."